मोफत आणि मुक्त : जावा या संगणकभाषेच्या परवान्याची कथा



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी बेरीज-वजाबाकी शिकलो, त्याच शाळेच्या सभागृहात आज व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा मान मला मिळाला आहे. हा मान माझ्या योग्यतेपेक्षा मोठा आहे याची मला जाणीव आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आपले गणिताचे सर आज असते, तर त्यांनी सर्वांत मागच्या रांगेत बसून माझे प्रत्येक विधान पायरी-पायरीने तपासले असते. "उत्तर बरोबर आहे, पण रीत कोठे आहे?" हा त्यांचा प्रश्न येथे बसलेल्या अनेकांच्या कानांत अजूनही असेल. रीत न दाखवलेल्या उत्तराला सर गुण देत नसत.

सरांची एक जाड बांधणीची वही वर्गाच्या कपाटात असे. तीत अवघड उदाहरणे सोडवून ठेवलेली असत. ती वही कोणीही घ्यावी, उतरवून काढावी, घरी न्यावी. अट एकच होती. एखाद्याला त्याच उदाहरणाची वेगळी किंवा सोपी रीत सुचली, तर ती त्याने वहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या मुलांना ती मिळेल. त्या वेळी आम्हाला ही अट म्हणजे सरांची एक लकब वाटे. पुढे संगणकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि जवळजवळ हीच अट एका कायदेशीर परवान्यात शब्दबद्ध झालेली मी वाचली, तेव्हा मला त्या वहीची आठवण झाली. आजचा माझा विषय त्या परवान्याशी निगडित आहे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही आपली संगणकभाषा आणि तिच्याभोवतीचा सगळा प्लॅटफॉर्म २००६ साली मुक्त केला. तो का केला, कसा केला, आणि त्या कृतीतून काय टिकले, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

विषयाची निवड का केली?

एका अनुभवामुळे या विषयाकडे मी केवळ अभ्यासाचा विषय म्हणून पाहू शकलो नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो, तेथील ग्रंथालयाने नोंदींसाठी एका छोट्या संस्थेकडून प्रोग्रॅम विकत घेतला होता. चार-पाच वर्षांत सुमारे चौदा हजार पुस्तकांच्या नोंदी त्यात भरल्या गेल्या. पुढे ती संस्था बंद पडली. काही महिन्यांनी जुना संगणक बिघडला, आणि नवीन संगणकावर तो प्रोग्रॅम सुरूच होईना, कारण तो सुरू होण्यासाठी प्रिंटरच्या खाचेत एक कुलूपवजा डबी बसवावी लागे, आणि नव्या यंत्राला ती खाचच नव्हती. कुलूप काढून देणारे कोणी उरले नव्हते. मूळ प्रोग्रॅम आमच्याकडे नव्हता, नोंदी कोणत्या स्वरूपात साठवल्या आहेत हेही आम्हाला ठाऊक नव्हते. पैसे भरल्याची पावती मात्र फाइलमध्ये होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या ग्रंथपालबाईंनी आणि दोन विद्यार्थ्यांनी दाखल-नोंदवह्या समोर ठेवून एकेक नोंद पुन्हा टंकित केली. मी संगणकाचा प्राध्यापक असूनही त्यांना काहीही मदत करू शकलो नाही, ही गोष्ट मला फार लागली. ज्ञान होते, यंत्र होते, इच्छा होती. परवानगी आणि मूळ संहिता नव्हती.

जावा म्हणजे काय?

येथे बसलेल्या सर्वांचा संगणकाशी व्यावसायिक संबंध नसेल, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. संगणकाच्या प्रोसेसरला केवळ शून्य आणि एक यांच्या रांगा समजतात. माणसाला तशा रांगा लिहिणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून माणूस इंग्रजी शब्द व गणिती चिन्हे वापरून एका नियमबद्ध भाषेत प्रोग्रॅम लिहितो. या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. मी त्याला मूळ संहिता म्हणेन. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. रूपांतर झाल्यावर जे उरते ते यंत्राला चालते, माणसाला वाचता येत नाही. मूळ संहिता हातात असेल तर प्रोग्रॅम समजून घेता येतो, दुरुस्त करता येतो. ती नसेल तर आपल्या हाती रीत नसलेले उत्तर राहते.

अडचण अशी की, प्रत्येक जातीच्या यंत्राची भाषा वेगळी. एका यंत्रासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले विनोद खोसला हेही होते. या कंपनीत १९९१ साली काही अभियंत्यांचा एक लहान गट घरगुती विद्युत उपकरणांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाला लागला. उपकरणांत नाना प्रकारचे प्रोसेसर असत, म्हणून त्या गटातील जेम्स गॉसलिंग यांनी नवी भाषा रचली. त्यांच्या खिडकीबाहेरच्या ओक वृक्षावरून तिचे नाव प्रथम ओक ठेवले होते. ते नाव आधीच दुसऱ्याच्या मालकीचे निघाले, तेव्हा जावा हे नाव आले. २३ मे १९९५ रोजी ती जगापुढे जाहीर झाली.

जावाची युक्ती अशी. तिचा कंपायलर कोणत्याही खऱ्या यंत्राची भाषा तयार करत नाही. तो एका काल्पनिक यंत्राची भाषा तयार करतो. तिला बाइटकोड म्हणतात. मग प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम बसवायचा. त्याचे नाव जावा व्हर्च्युअल मशीन. नक्कल करणारा हा प्रोग्रॅम एकदा बसला, की त्यावर जगातला कोणताही जावा प्रोग्रॅम चालतो. एकदा लिहा आणि कोठेही चालवा, असे तिचे ब्रीद होते. याच्या जोडीला तयार प्रोग्रॅम-तुकड्यांचा एक मोठा संग्रह येतो. यादी क्रमाने लावणे, फाइल वाचणे, जाळ्यावरून निरोप पाठवणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे ही कामे तो करतो. कंपायलर, काल्पनिक यंत्र आणि हा संग्रह, असे तिघे मिळून जावाचा प्लॅटफॉर्म होतो. घराला जसे जोते, तसा प्रोग्रॅमला हा प्लॅटफॉर्म.

आपल्या दृष्टीने तिची एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. जावाने पहिल्यापासून युनिकोड ही जगातील लिप्यांना सामावून घेणारी अक्षरसंहिता स्वीकारली. त्यामुळे एखाद्या चलाचे नाव 'गुण' असे देवनागरीत लिहिले, तरी जावाचा कंपायलर ते बिनतक्रार स्वीकारतो. माझ्या वर्गात मी हे फळ्यावर दाखवत असे, आणि मुलांचे चेहरे उजळत.

मोफत होती, पण मुक्त नव्हती

जावा सुरुवातीपासून मोफत मिळत असे. मग ती मुक्त करण्याचा प्रश्न कोठून आला? हा सगळ्या विवेचनाचा गाभा आहे. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने तेथे फार गोंधळ होतो. आपली भाषा या बाबतीत भाग्यवान आहे, तिच्यात दोन शब्द आहेत. मोफत म्हणजे दाम न पडणारे. मुक्त म्हणजे बंधन नसणारे. धर्मशाळेची खोली मोफत असते, पण तिची भिंत पाडून खिडकी काढता येत नाही.

मुक्त संगणकप्रणालीची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करून सुरू केली. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला चार अधिकार असावेत, असा तिचा सिद्धान्त आहे. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवण्याचा, त्याची मूळ संहिता अभ्यासून ती बदलण्याचा, प्रती दुसऱ्याला देण्याचा, आणि बदललेल्या प्रतीही दुसऱ्याला देण्याचा. हे अधिकार कायद्याच्या भाषेत बांधण्यासाठी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, हा परवाना १९८९ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९९१ साली आली. या परवान्यात एक अट आहे. तुम्ही प्रोग्रॅम बदला, वाटा, विकाही, पण ज्याला द्याल त्याला मूळ संहिता आणि हेच अधिकार द्या. सरांच्या वहीची अट थोडी निराळी होती, तीत नवी रीत परत वहीत लिहायची असे. येथे ज्याच्या हाती प्रत जाईल त्याच्यापर्यंत ती पोचवायची. दोन्हींचा हेतू मात्र एकच आहे. घेतलेले ज्ञान पुढे देताना त्याला कुलूप लावायचे नाही.

सनच्या जावाच्या परवान्यात हे अधिकार नव्हते. गंमत अशी की, संग्रहाची मूळ संहिता सन स्वतःच सोबत देत असे. ती उघडून वाचता येई. मी वर्गात ती वाचून दाखवली आहे. परंतु ती बदलून दुसऱ्याला देता येत नव्हती. इकडे काही स्वयंसेवक १९९८ पासून ग्नू क्लासपाथ या नावाने जावाचा संग्रह पहिल्या ओळीपासून नव्याने लिहीत होते. त्यांच्याकडे नियम असा होता की, ज्याने सनची संहिता वाचली आहे त्याने या कामात लिहू नये. वाचलेले नकळत हातून उतरले, तर स्वामित्वहक्काचा भंग होईल, ही भीती. विचार करा, विद्येच्या क्षेत्रात वाचन हीच अपात्रता ठरली होती!

२००४ साली स्टॉलमन यांनी एक लेख लिहून या स्थितीला जावाचा सापळा म्हटले. त्यांचा मुद्दा असा. समजा, मी माझा प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली दिला. पण तो सनच्या जावाशिवाय चालत नसेल, तर माझा मुक्त प्रोग्रॅम बांधलेल्या जोत्यावर उभा आहे. जोत्याचा मालक म्हणेल तोवरच घर उभे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी तर असे प्रोग्रॅम आपल्या मुख्य संग्रहात घेतलेच नाहीत, त्यांना बाजूच्या वेगळ्या दालनात ठेवले.

सनची बाजूही समजून घेतली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने जावाचा परवाना घेतला, पण तिच्या आवृत्तीत केवळ विंडोजवर चालतील अशा गोष्टी घातल्या, अशी सनची तक्रार होती. १९९७ साली सनने दावा लावला. २००१ साली तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर दिले. एकदा लिहा आणि कोठेही चालवा हे ब्रीद टिकायचे, तर जावा एकच राहिली पाहिजे. दहा जणांनी दहा जावा केल्या, तर मूळ हेतूच बुडेल, अशी सनला भीती होती. ही भीती खोटी नव्हती.

१३ नोव्हेंबर २००६

मग मन कसे बदलले? एकच कारण सांगणे अवघड आहे. २००१ नंतरच्या मंदीत सनचा यंत्रविक्रीचा व्यवसाय खालावला होता. लिनक्स सर्वत्र पसरत होते आणि त्यासोबत जावा देता येत नव्हती. मायक्रोसॉफ्टचा डॉटनेट हा प्रतिस्पर्धी पुढे येत होता. २००५ साली अपाचे संस्थेने हार्मनी या नावाने जावाची स्वतंत्र, खुली रचना हाती घेतली, म्हणजे सनने काही केले नाही, तरी मुक्त जावा आज ना उद्या येणारच होती. एप्रिल २००६ मध्ये जोनाथन श्वार्ट्झ कंपनीचे प्रमुख झाले. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीरपणे सूचित केले की, जावा खुली करावी की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही, कशी करावी एवढाच प्रश्न आहे.

१३ नोव्हेंबर २००६ रोजी घोषणा झाली. त्या दिवशी कंपायलर आणि हॉटस्पॉट नावाचे काल्पनिक यंत्र यांची मूळ संहिता खुली झाली. ८ मे २००७ रोजी संग्रहही खुला झाला. या सर्वाला ओपनजेडीके हे नाव मिळाले.

खरे आश्चर्य परवान्याच्या निवडीत होते. सोलारिस ही आपली कार्यप्रणाली सनने २००५ साली खुली केली, तेव्हा स्वतःचा वेगळा परवाना रचला होता आणि तो जीपीएलशी जुळत नव्हता. जावासाठी मात्र कंपनीने जीपीएलची दुसरी आवृत्तीच निवडली. ज्या स्टॉलमन यांनी जावाला सापळा म्हटले होते, त्यांनीच या निर्णयाचे जाहीर स्वागत केले.

या निवडीमागे व्यवहारही होता. जीपीएलखाली दिलेली जावा कोणी बदलून वाटली, तर तिची मूळ संहिता उघडी ठेवणे त्याला भाग होते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती गुपचूप वाकवून स्वतःची करता येणार नव्हती. ज्यांना उघडे ठेवायचे नाही, त्यांच्यासाठी सनचा पैसे घेऊन दिलेला परवाना होताच. ज्या भीतीने सनने इतकी वर्षे जावाचे दार बंद ठेवले, तिच्यावर उत्तर मुक्त परवान्यातच मिळाले.

एक शंका येथे रास्त आहे. जावाचा संग्रह जीपीएलखाली असेल, तर त्यावर उभा राहणारा प्रत्येक प्रोग्रॅमही जीपीएलखालीच द्यावा लागेल काय? बँकांना आणि कारखान्यांना हे मानवले नसते. म्हणून संग्रहाला एक अपवाद जोडला गेला. या संग्रहाशी जोडलेला तुमचा स्वतंत्र प्रोग्रॅम तुम्ही हव्या त्या अटींवर द्या, संग्रहात केलेला बदल मात्र मुक्त ठेवा. या अपवादाची कल्पना त्याच ग्नू क्लासपाथ मंडळींची. ज्यांना सनची संहिता वाचण्याची मनाई होती, त्यांनी घडवलेले कलम शेवटी सनने उचलले, आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

राहिलेले चार टक्के

तरीही काम पुरे झाले नव्हते. २००७ च्या मे महिन्यात संग्रहाचा सुमारे ४ टक्के भाग बंदच राहिला होता, कारण त्याची मालकी सनची नव्हती. अक्षरांचे आकार पडद्यावर उमटवणारा भाग, रेषा व वर्तुळे गुळगुळीत काढणारा भाग, रंगांचा मेळ घालणारा भाग, ध्वनीचा काही भाग, हे सर्व इतरांकडून परवान्यावर घेतलेले होते. जे आपले नाही ते दान कसे देणार?

ही पोकळी भरण्यासाठी रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी जून २००७ मध्ये आइस्डटी नावाचा प्रकल्प सुरू केला. ग्नू क्लासपाथमध्ये वर्षानुवर्षे लिहिलेले तुकडे त्यांनी या रिकाम्या जागी बसवले, आणि अक्षरांसाठी फ्रीटाइप ही मुक्त प्रणाली उपयोगात आणली. जून २००८ मध्ये त्यांच्या जावाने अधिकृत कसोटी पार केली. ज्यांचे श्रम आता वाया गेले असे लोक म्हणत होते, त्यांच्याच श्रमांनी शेवटची वीट बसली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

सनने सगळेच दिले असेही नाही. जावा हे नाव कंपनीने स्वतःकडेच ठेवले. एखादी रचना खरोखर जावाशी जुळते का, हे ठरवणारी जी कसोटी, तीही आपल्या ताब्यात ठेवली. अपाचे संस्थेला हार्मनीसाठी ही कसोटी हवी होती, पण तिच्यासोबत येणाऱ्या अटी संस्थेला मान्य नव्हत्या. २००७ च्या एप्रिलमध्ये तिने सनला जाहीर पत्र लिहिले. वाद मिटला नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये अपाचे जावाच्या नियामक मंडळातून बाहेर पडली आणि २०११ साली हार्मनीचे काम थांबले.

मालक बदलला तेव्हा

या कथेची खरी परीक्षा पुढे झाली. ओरॅकल या कंपनीने सुमारे ७४० कोटी डॉलरना सन विकत घेण्याचा करार एप्रिल २००९ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०१० मध्ये तो पुरा झाला. सन ही कंपनी संपली. जेम्स गॉसलिंग यांनी काही आठवड्यांतच नवी कंपनी सोडली. ज्यांनी जावा मुक्त केली, ते लोक आता निर्णयाच्या जागी नव्हते.

सोलारिसच्या बाबतीत काय झाले पाहा. खुल्या सोलारिसची संहिता प्रसिद्ध करण्याचे काम ओरॅकलने २०१० साली थांबवले. परंतु तोवर जे दिले गेले होते ते परत घेता आले नाही. बाहेरच्या मंडळींनी इल्युमॉस या नावाने ते पुढे चालू ठेवले.

जावा ओरॅकलने चालू ठेवली, आणि हे श्रेय तिला दिले पाहिजे. ऑक्टोबर २०१० मध्ये आयबीएम आणि नोव्हेंबरमध्ये ॲपल या कंपन्या ओपनजेडीकेत सामील झाल्या. २०११ साली जावाची सातवी आवृत्ती आली, तेव्हा मुक्त ओपनजेडीके हाच तिचा प्रमाण नमुना ठरला. मुक्त प्रत आता नकलेच्या जागी राहिली नाही, ती मूळ झाली.

त्याच वर्षांत ओरॅकलने गूगलवर लावलेला दावा आपण ऐकला असेल. अँड्रॉइड या मोबाइलच्या प्रणालीसाठी गूगलने जावाची भाषा घेतली, पण मुक्त झालेली जावा घेतली नाही. जीपीएलच्या अटी टाळून स्वतंत्र रचना केली आणि संग्रहातील ३७ विभागांची घोषणावाक्ये, सुमारे ११,५०० ओळी, तशाच ठेवल्या. ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झालेला हा खटला ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी तो वापर न्याय्य ठरवला. मधल्या काळात, २०१६ च्या अँड्रॉइडमध्ये गूगलनेही ओपनजेडीकेचा आधार घेतला होता. ज्या दाराने आधी जाता आले असते, त्याच दाराने शेवटी जावे लागले.

दुसरी परीक्षा २०१८-१९ ची. सप्टेंबर २०१८ मध्ये जावाची अकरावी आवृत्ती आली, तेव्हा ओरॅकलने स्वतः तयार केलेली प्रत व्यवसायात वापरण्यास शुल्क लागू झाले. जुन्या आठव्या आवृत्तीच्या दुरुस्त्याही २०१९ पासून व्यावसायिकांना विनामूल्य मिळेनाशा झाल्या. जगभरच्या कचेऱ्यांत घबराट उडाली. मोफतपणा हा मालकाच्या मर्जीचा भाग होता, आणि मर्जी फिरली. पण जोते मुक्त होते! त्याच मूळ संहितेवरून कोणीही प्रत तयार करू शकत होते, आणि तशा प्रती निघाल्याही. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये कोरेटो या नावाने आपली प्रत विनामूल्य दिली. स्वयंसेवकांच्या प्रयत्नातून सुरू झालेल्या प्रती आज एक्लिप्स या संस्थेच्या आश्रयाखाली मिळतात. कोणाचेही ग्रंथालय, बँक वा रेल्वेचे आरक्षण त्या निर्णयामुळे ठप्प होण्याचे कारण नव्हते.

श्रोतेहो, आमच्या ग्रंथालयाची त्या उन्हाळ्यातील स्थिती आणि ही स्थिती शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी छोटी संस्था बंद पडली आणि चौदा हजार नोंदी हरवल्या. दुसऱ्या ठिकाणी अब्जावधी डॉलरची कंपनी नाहीशी झाली, नवीन मालकाने नियम बदलले, आणि काम अखंड चालू राहिले. फरक कंपनीच्या आकाराचा नव्हता, कोणाच्या चांगुलपणाचाही नव्हता. तो एका लिखित कागदाचा होता. सनने जे दिले ते मर्जीने दिले असेल, व्यापारी हिशोबाने दिले असेल. पण ते अशा शब्दांत दिले की, ते देणाऱ्याच्या पश्चातही घेणाऱ्याचेच राहिले.

बडोद्यात राहणाऱ्या आपणाला हे उमजणे कठीण जाऊ नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते कायद्याने केले. त्यांच्या काळात १९१० साली उभे राहिलेले मध्यवर्ती ग्रंथालय १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावरही लोकांसाठी उघडेच राहिले.

शेवटी, येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज शाळा, पतपेढ्या, रुग्णालये, कारखाने चालवतात. आपण रोज कोणता ना कोणता प्रोग्रॅम विकत घेता. माझी विनंती एवढीच की, किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा बनवणारा उद्या नसला, तर आमच्या नोंदी आम्हाला कोणत्याही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतील काय? बिघाड झाला, तर दुसऱ्या जाणकाराकडून दुरुस्त करून घेण्याची आम्हाला परवानगी आहे काय? आणि हे सर्व आपण तोंडी सांगत आहात की लेखी? प्रत्येक प्रोग्रॅम मुक्तच असावा असा माझा आग्रह नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेही पोट आहे. पण घेणाऱ्याने काय घेतले आणि काय घेतले नाही, हे त्याला ठाऊक असावे.

सर निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी शाळेत आलो होतो, तेव्हा ती वही पुन्हा उघडून पाहिली. सरांच्या निळ्या शाईखाली चार-पाच निरनिराळी हस्ताक्षरे होती. काही मुलांची नावे मला ठाऊक नव्हती. एका उदाहरणाला तर मूळ रीतीपेक्षा तीन ओळींनी लहान रीत कोणीतरी लिहिली होती, आणि समासात सरांच्याच अक्षरात एक शब्द होता : उत्तम.